माती आणि संस्कार

यवतमाळ जिल्ह्यातील पुष्कळशी जमीन काळी आहे. ती पावसाची ओल फार दिवस धरून ठेवते, म्हणून तेथे कापूस पिकतो. पण ही भारी जमीन कसणे कष्टाचे असते. पिढ्यान् पिढ्या ते कष्ट बैलांनी उपसले. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही, त्याला सजवून घास भरवायचा, या रीतीत त्या कष्टांची जाण दिसते. निसर्गाने गरज निर्माण केली. संस्कृतीने तिला कृतज्ञतेचे रूप दिले.

परिस्थिती पालटली की माणसाचे मनही लगेच पालटते काय? बंजारा समाज पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दूरदूर व्यापार करी. चारापाणी पाहून तांडा उतरे. एकोणिसाव्या शतकात आगगाडी व पक्क्या सडका आल्या आणि तो व्यापार बुडाला. पुष्कळ बंजारे पुसद, दिग्रस या भागांत शेती करू लागले. तरी त्यांच्या वस्तीला आजही तांडाच म्हणतात आणि तिच्या प्रमुखाला नायक. प्रवास संपला, प्रवासाने लावलेले वळण उरले.

म्हणून दुसऱ्याची रीत निराळी दिसताच तिला हसू नये. ती कोणत्या गरजेतून आली, हे आधी समजून घ्यावे. मात्र माणूस रीतीचा केवळ बांधील नसतो. पुसदजवळच्या गहुली येथे बंजारा कुटुंबात १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक वकील झाले आणि १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. परंपरा माणसाला घडवते. शिक्षण त्याला नवी वाट निवडण्याचे बळ देते.