तीन ते पंधरा

हेल्मेटवर आपल्याकडे भरपूर लिहून झालं आहे. पुण्यात तर हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले, कृती समित्या झाल्या. "तो वाद पुन्हा नको," संपादक म्हणाले. "दुचाकीवरून पडलेला माणूस रात्री सरकारी दवाखान्यात आणला, की त्याच्या डोक्याला किती मार आहे हे ठरवतात कसं, ते बघून या." म्हणून महामार्गालगतच्या एका सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जाऊन बसलो. नाव छापायचं नाही, एवढीच तिथल्यांची अट होती.

मोठाली यंत्रं बघायला मिळतील अशी माझी समजूत. पण सीटी स्कॅन इथे नाहीच, ते जिल्ह्याच्या ठिकाणी. इथे टॉर्च, बीपीचं मशिन, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, साखर तपासायच्या पट्ट्या आणि रात्रपाळीच्या सिस्टर.

साडेदहाच्या सुमारास १०८ची गाडी आली. स्ट्रेचरवर पंचविशीतला तरुण, कपाळ फुटलेलं, शर्टभर चिखल आणि दारूचा भपका. मागोमाग दोन मित्र. "मॅडम, जरा जास्त झालीय त्याला. झोपला की उतरेल." सिस्टरांनी तिकडे लक्षच दिलं नाही. वॉर्डबॉयला मान सरळ धरून ठेवायला सांगितली, श्वास पाहिला, ऑक्सिजन लावला, बीपी आणि साखर बघून घेतली. मग कानाशी वाकून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "दादा, डोळे उघडा!"

डोळे मिटलेलेच. त्यांनी खिशातलं पेन काढून त्याच्या बोटाच्या नखालगत आडवं दाबलं. डोळे किलकिले झाले. कपाळाला जखम, म्हणून भुवईखाली दाबायचं नाही. त्याऐवजी मान आणि खांद्यामधला स्नायू चिमटीत धरून हळूहळू जोर वाढवला. तरुणाचा उजवा हात वर आला, नेमका त्यांच्या चिमटीपर्यंत पोचला, आणि तोंडातून सणसणीत शिवी निघाली.

सिस्टर केसपेपरवर लिहीत होत्या: डोळे दोन, बोलणं तीन, हालचाल पाच.

"शिवीला तीन?" मी विचारलं.

"शब्द स्पष्ट आहे, पण विचारलं काय आणि बोलतोय काय, तर तीन. नुसता कण्हला असता तर दोन. गावाचं नाव विचारल्यावर भलतंच सांगितलं असतं तर चार."

या मोजमापाचं नाव ग्लासगो कोमा स्केल. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या मेंदूच्या शल्यविशारदांनी ती तयार केली आणि १९७४ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. तोवर डॉक्टर कागदावर 'गुंगीत', 'अर्धवट शुद्धीत' असं लिहीत, आणि एकाची गुंगी ती दुसऱ्याची अर्धी शुद्ध असे. या दोघांनी अवस्थेला नाव देणंच सोडलं. जे दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच नोंदवायचं. डोळ्यांचे चार, बोलण्याचे पाच, हालचालीचे सहा. पहिल्या आराखड्यात हालचालीचे पाचच होते, नंतर एक पायरी वाढली. बेरीज जास्तीत जास्त पंधरा, कमीत कमी तीन. शून्य नाहीच. तेरा ते पंधरा म्हणजे मार सौम्य, नऊ ते बारा मध्यम, आठ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. अशा माणसाला स्वतःची श्वासनलिका मोकळी ठेवता येईल यावर विसंबता येत नाही.

मोटारसायकलस्वाराच्या डोक्याचा अभ्यास याहून जुना. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स मे १९३५मध्ये इंग्लंडमधल्या डॉर्सेटात मोटारसायकलवरून फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे शल्यविशारद होते. पुढे १९४१मध्ये त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापती आणि हेल्मेट यांवर निबंध लिहिला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने निरोप्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं.

पण मी गुंतलो तो हाताच्या सहा पायऱ्यांत. सांगितलेलं ऐकलं तर सहा. त्यातही नुसतं "माझा हात दाबा" म्हणून भागत नाही. तळव्याला स्पर्श झाला की बेशुद्ध माणसाचीही मूठ आपोआप मिटू शकते. म्हणून सिस्टर "दाबा, आता सोडा" म्हणतात, नाहीतर जीभ दाखवायला सांगतात. दुखतंय तिथे हात नेला तर पाच. तिथवर न नेता नुसता झटकन काढून घेतला तर चार. कोपरात सावकाश, विचित्र वळून छातीशी आला तर तीन. उलट ताठ होऊन बाहेर वळला तर दोन. काहीच नाही, एक. एक हात पाच आणि दुसरा तीन असेल तर हिशेबात चांगला हात धरायचा, पण दुसऱ्या हाताची नोंद शेजारी करायची. मार कुठल्या बाजूला बसलाय ते तोच सांगतो. मग टॉर्च. दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का, उजेडाने आकसतात का. टीसडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८मध्ये बाहुल्यांनाही हिशेबात घेतलं: एक बाहुली उजेडाला दाद देत नसेल तर बेरजेतून एक वजा, दोन्ही देत नसतील तर दोन.

"आणि दारू?"

"दारू असतेच हो निम्म्यांच्या अंगात. म्हणून आधी मार धरायचा, दारू मागून. उलटं धरलं की माणूस गेला."

त्या तरुणाला सीटीसाठी पाठवायचं ठरलं. गाडी येईपर्यंत सिस्टरांनी एक जुना तक्ता काढून दाखवला. नावावर अंगठा ठेवून. चालत आलेला माणूस, स्वतःचं नाव-गाव नीट सांगणारा. पहिली नोंद पंधरा. अर्ध्या तासाने पंधरा, पण एक उलटी. मग चौदा. मग तेरा, पुन्हा उलटी. शेजारच्या रकान्यात नाडी ८८, ७६, ६०, आणि बीपी चढत चाललेलं. शेवटच्या ओळीत 'डावी बाहुली मोठी'. कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. हाड तडकून ती फाटली, की कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठत जातं. कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. आत जागा नाही. मधल्या वेळात माणूस बोलतो, चहा मागतो, घरी जातो म्हणतो. या माणसाला वेळेवर पाठवलं गेलं ते कुठल्या एका आकड्यामुळे नाही, चार नोंदी एकाखाली एक होत्या म्हणून. मला या स्केलचं सगळं सामर्थ्य तिथे दिसलं: एकदा मोजली तर अंदाज, पुनःपुन्हा मोजली तर इशारा.

आणि घोडं पेंड खातं ते इथेच. ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, पंधरा होईपर्यंत दर अर्ध्या तासाने तपासा. झाल्यावरही दोन तास अर्ध्या तासाने, मग चार तास दर तासाला. त्या रात्री सिस्टर एकट्या होत्या. मधेच सर्पदंशाचं मूल आलं, मग दम्याच्या आजी. अर्ध्या तासाचा तास होतो, तासाचे दोन. तक्त्यात रिकामी राहिलेली घरं बेपर्वाईची नव्हेत, माणसं कमी असल्याची.

दुसरी अडचण बेरजेची. फोनवर सांगतात, "दहाचा पेशंट पाठवतोय." पण दहा कुठून आले? हाताची एक पायरी खाली येणं आणि डोळ्यांची एक पायरी खाली येणं एका तोलाचं नाही. बेरीज केली की हा फरक बुजतो. सुजून डोळे मिटले असतील, घशात नळी असेल, तर तिथे 'तपासता आलं नाही' असं लिहायचं. पुष्कळदा 'एक' लिहून मोकळे होतात आणि माणूस कागदावर आहे त्याहून वाईट दिसतो. हातपाय झाडणाऱ्याला गुंगीचं इंजेक्शन आधी देतात आणि नोंद मग होते. त्या नोंदीत मेंदू किती आणि औषध किती, कोण सांगणार? महामार्गावरचा जखमी मराठी बोलणारा असेलच असं नाही. ट्रक ड्रायव्हर, कारखान्यातला परप्रांतीय मजूर, यांना मराठीत नाव-गाव विचारून उत्तर आलं नाही म्हणून दोन गुण कापले, तर चूक आपली. सिस्टरांना 'डोळे उघडा' चार भाषांत येतं. ते कुणी शिकवलेलं नाही.

सगळ्यात चीड येते ती शेवटच्या अडचणीची. पेशंट पुढे जातो आणि तक्ता मागे पोलीस केसच्या फायलीत राहतो. सोबतच्या रेफर चिठ्ठीवर एकच आकडा, त्यावर वेळही नाही. पुढच्या रुग्णालयात नोंद पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि उतरण दाखवणाऱ्या नोंदी वाया जातात. याला पैसा लागत नाही, मशिन लागत नाही. एक झेरॉक्स लागते, नाहीतर मोबाइलवर काढलेला फोटो.

ही स्केल मार मोजते, मार टाळत नाही. रस्त्यावर आपटल्या क्षणी मेंदूचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पुढे बीपी आणि ऑक्सिजन पडू न देणं आणि साठणारं रक्त वेळेवर काढणं एवढंच हाती उरतं. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण अपघातांत दगावले. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. मागे बसणाऱ्याचं डोकं वेगळ्या हाडाचं नसतं.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला २०१९च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने संरक्षण दिलं आहे, तेव्हा थांबा आणि मदत करा. डोक्याला मार लागलेल्या माणसाला उलट्या होत असतील, डोकेदुखी वाढत असेल, कानातून किंवा नाकातून पाणी येत असेल, तो पेंगत किंवा असंबद्ध बोलत असेल, तर "झोपू दे, उतरेल" म्हणून घरी नेऊ नका. आणि त्याला मोठ्या रुग्णालयात हलवायची वेळ आली, तर निघण्याआधी नोंदींच्या कागदाची प्रत मागून घ्या: डोळे, बोलणं, हालचाल, तिन्ही वेगवेगळे आणि प्रत्येकापुढे वेळ.