चारनंतर लगेच पाच

२२ मार्च २०११ रोजी फायरफॉक्स ब्राउझरची चौथी आवृत्ती आली. त्याआधी बारा बीटा झाले होते, तारखा लांबत गेल्या होत्या आणि ३.६ येऊन चौदा महिने उलटले होते. टॅब पत्त्याच्या पट्टीच्या वर गेले, तळाची स्टेटस पट्टी गेली. लोक कुरकुरले आणि सरावले. मोठा आकडा म्हणजे मोठा बदल, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. मग २१ जूनला, जेमतेम तीन महिन्यांत, पाचवी आवृत्ती येऊन उभी राहिली.

पाचमध्ये नजरेत भरावं असं फारसं काही नव्हतं. सीएसएस अ‍ॅनिमेशनची सोय झाली होती, आणि संकेतस्थळांना ‘माझा माग काढू नका’ असं सांगण्याचा पर्याय सेटिंगमध्ये चटकन सापडेल अशा जागी आला होता. एवढ्याला एरवी ४.१ म्हटलं असतं, असं वापरणारे बोलू लागले. फायरफॉक्स बनवणारी मोझिला क्रोमच्या मागे धावते आहे, हा आरोपही झाला. क्रोमची नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी काढायचं गूगलने २०१० मध्येच ठरवलं होतं आणि त्या जूनमध्ये क्रोम बारावर पोचला होता. मोझिलाचं म्हणणं असं, की तयार सुधारणा वर्षभर अडकवून का ठेवायची? ठरल्या दिवशी आवृत्ती निघेल, जे तयार नसेल ते पुढच्या वेळी. हे म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. सप्टेंबरातल्या सातव्या आवृत्तीने मेमरीचा वापर चांगलाच कमी केला. जुन्या चालीने त्यासाठी लोकांना कितीतरी जास्त थांबावं लागलं असतं.

तरीही राग खोटा नव्हता. त्याचं मूळ ब्राउझरला जादा सोयी जोडणाऱ्या अ‍ॅड-ऑनमध्ये होतं. प्रत्येक अ‍ॅड-ऑनच्या आत एक छोटी फाइल असे आणि हे कुठल्या आवृत्तीपर्यंत चालेल, याचा कमाल आकडा तिच्यात लिहिलेला असे. तिथे ‘४.०’ असेल तर पाच उघडताच अ‍ॅड-ऑन बंद. आतला कोड बिघडलेला नसे, फक्त आकडा ओलांडलेला असे. अ‍ॅड-ऑनची फाइल म्हणजे साधी झिप. जाणकार ती उघडत, चारच्या जागी पाच लिहीत आणि ते पूर्वीसारखं चालू लागे. मोझिलाच्या स्वतःच्या साठ्यातल्या बऱ्याच अ‍ॅड-ऑनचे आकडे मोझिलाच वाढवून देई. अँटिव्हायरससोबत आलेली किंवा कंपनीने आपल्यापुरती बनवलेली मात्र मागे राहत.

कंपन्यांची अडचण त्याहून मोठी होती. पाच येताच चारला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं थांबलं. हजारो संगणकांवर चारची चाचणी जिथे अजून चालू होती, तिथे ती पुरी होण्याआधीच निरुपयोगी ठरली. मोझिलाचे आसा डॉट्झलर यांनी त्यावर उघड सांगितलं, की मोठ्या कंपन्या हा आमचा रोख कधी नव्हताच. बोलणं प्रामाणिक होतं, पण ज्यांनी वरिष्ठांशी भांडून कार्यालयात फायरफॉक्स आणला होता, त्यांना ते फार लागलं. ऑगस्टमध्ये ‘फायरफॉक्सविषयी’च्या खिडकीतून आवृत्तीचा आकडाच काढायचा प्रस्ताव आला आणि पुन्हा रान उठलं. फोनवरून मदत करणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘कुठली आवृत्ती?’ हाच. आकडा जागेवर राहिला.

खरा उतारा ३१ जानेवारी २०१२ ला आला. दहाव्या आवृत्तीपासून बहुतेक अ‍ॅड-ऑन आपोआप चालणारी धरली जाऊ लागली, आणि संस्थांसाठी वर्षभर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहणारी वेगळी शाखा, ईएसआर, सुरू झाली. त्यानंतर अपडेटही हळूहळू पडद्यामागे होऊ लागले. हे सगळं आधी करून मग आकडे पळवले असते, तर २०११ मधला निम्मा संताप टळला असता असं मला वाटतं.

नंतर आकडे वाढत गेले. २०२२ मध्ये मार्चअखेर क्रोम आणि मे महिन्यात फायरफॉक्स शंभरावर पोचला. ब्राउझर ओळखताना फक्त दोन अंक वाचणारी संकेतस्थळं तिसऱ्या अंकाला अडखळतील, अशी धास्ती होती. २००९ मध्ये एकच अंक वाचणाऱ्या संकेतस्थळांसाठी ऑपेराच्या दहाव्या आवृत्तीला आपली ओळख ९.८० अशी सांगावी लागली होती. या वेळी दोन्ही ब्राउझरांनी कित्येक महिने आधी ‘१००’ हा आकडा लावून पाहायची सोय सगळ्यांना दिली, बिघडणारी संकेतस्थळं कळवायला सांगितलं, आणि अगदीच जमलं नाही तर ओळखीतला आकडा ९९ वर गोठवायचीही तयारी ठेवली. ती वेळ आली नाही.