आईचं स्पेलिंग

मे महिना आला की मी मुलाला घेऊन चिपळूणहून लालबागला माहेरी येते. सुट्टी होते आणि मिरची गल्लीतून वर्षाचा मसालाही कुटून नेता येतो. यंदा गच्चीत मिरच्या वाळत होत्या आणि घरात मुलगा नि भाचा स्क्रॅबलचा पट मांडून बसले होते. मी त्यांच्यात बसले आणि म्हटलं, "आई, तूही ये."

"मला गं कुठलं इंग्रजी?"

"आजीला स्पेलिंग्ज येत नाहीत," मुलगा पटकन बोलून गेला.

त्याला रागवायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. गेल्या डिसेंबरात आई आमच्याकडे होती. मुलाच्या शाळेचं गॅदरिंग होतं आणि मी तिला घरीच ठेवलं होतं. 'सगळं इंग्रजीत असतं, कंटाळशील' असं सांगून. खरं कारण मला माहीत होतं. तिलाही कळलं असणार. तिने काही न बोलता कुकर लावला होता.

आई सातवी पास. १९८२च्या गिरणी संपात बाबांचं काम गेलं, तेव्हा तिने चाळीतल्या एका खोलीत डबे करायला घेतले. त्या डब्यांवर आम्ही भावंडं शिकलो. इंग्रजी अक्षरं ती स्टेशनच्या पाट्या वाचून शिकली.

तर मी तिला हाताला धरून बसवलंच. खेळ सोपा. प्रत्येकाने सात अक्षरं घ्यायची आणि पटावर शब्द जोडायचे. न्यूयॉर्कचा आल्फ्रेड बट्स हा आर्किटेक्ट १९३०च्या दशकातल्या मंदीत बेकार झाला, तेव्हा त्याने हा खेळ काढला. वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून त्याने गुण ठरवले. सारखं लागणारं 'ई' एका गुणाचं, क्वचित लागणारे 'क्यू' आणि 'झेड' दहाचे.

आईने बराच वेळ अक्षरं न्याहाळली आणि दोनच मांडली. ए आणि आय. "आई," ती म्हणाली.

"आजी, तो मराठी शब्द आहे! आणि कॉम्प्युटरवालं एआय म्हणशील तर तो शॉर्टफॉर्म आहे, चालत नाही." तिला चूक ठरवायला भाच्याने डिक्शनरी उघडली. शब्द होता! दक्षिण अमेरिकेत झाडाला उलटा लटकून राहणारा, तीन नख्यांचा, महाआळशी प्राणी. उच्चारही जवळजवळ आपल्या 'आई'सारखाच.

आई पदर तोंडाला लावून हसली. "आळशी? डिक्शनरीवाल्याला एक दिवस माझ्या स्वयंपाकघरात पाठव."

मग आम्ही नातेवाईकच शोधायला लागलो. 'ताई' हा जपानी मासा निघाला. 'काका' न्यूझीलंडचा पोपट, 'काकी' जपानी फळ, 'बाबा' रममध्ये भिजवलेला केक. 'मामा' म्हणजे चक्क आई! आणि आजीच्या स्पेलिंगची दक्षिण अमेरिकेत तिखट मिरची असते म्हटल्यावर मुलांनी गच्चीकडेच बोट दाखवलं.

शाळेत आपण शिकलो, क्यूच्या मागोमाग यू येतोच. पण 'ची', म्हणजे चिनी लोकांची प्राणशक्ती, क्यू आणि आय एवढ्यावर होते. फकीर, बुरखा, तलाक, कव्वाल हेही क्यू घालून, पण यू न लावता इंग्रजीत जातात. हे तर आपल्या कानावरचेच शब्द. २०२० साली ऑक्सफर्डने शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनरीच्या दहाव्या आवृत्तीत २६ भारतीय शब्द घेतले. त्यात 'चाळ' आहे आणि 'डबा'ही. आईचं आयुष्य ज्या दोन शब्दांत गेलं, ते आता परदेशातली मुलं स्पेलिंगसकट पाठ करत असतील.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणींना एबीसीडी पाचवीत भेटली. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, पण तोवर आपली भीती घट्ट बसली होती. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं, शब्द मात्र पाठ होते. पाठांतरात आपण कुठे कमी आहोत? रामरक्षा पाठ, सतराशे साठ वाढदिवस पाठ! दोन-तीन अक्षरी शब्द रोज पाच, अर्थासकट वहीत लिहायला काय हरकत आहे? पट नसला तर जुन्या पत्रिकेच्या पुठ्ठ्याची अक्षरं कापा आणि मुलांबरोबर बसा.

त्या दिवशी आई हरली. पण निघताना मुलाने तिच्या पाया पडून विचारलं, "आजी, दिवाळीत परत खेळायचं?"

मसाल्याची पिशवी उचलता उचलता मीही सांगून टाकलं, "आई, या वर्षी गॅदरिंगला यायचंय तुला. माझ्या शेजारी बसायचं."

ती म्हणाली, "बघू. पण साडी तू निवड."