‘पेपर’मधली पिंपळी

काष्ठौषधींच्या दुकानात पिंपळी मागितली, की दुकानदार पुडीत बोटाच्या पेराएवढ्या करड्या, खडबडीत काड्या बांधून देतो. त्यातली एक भिंगाखाली धरून पाहावी. ती काडी नसतेच. खसखशीएवढ्या बारीक फळांचा एकमेकांत रुतून बसलेला घोस असतो. चावली तर आधी किंचित गोडसर लागते आणि मग झणका जिभेवर पसरत जातो. सुंठ, मिरी आणि ही पिंपळी मिळून आयुर्वेदातलं त्रिकटू होतं. खोकल्यावर मधातून चाटवतात ती हीच. इंग्रजीतल्या ‘पेपर’ या शब्दाचा, म्हणजे कागद नव्हे, जेवणाच्या टेबलावरच्या मिरपुडीचा, उगम या काडीत आहे.

संस्कृतातली ‘पिप्पली’ पश्चिमेकडे निघाली. वाटेत, बहुधा इराणी मुलखात, ‘ल’चा ‘र’ झाला. ग्रीकांनी तिला ‘पेपेरी’ म्हटलं, रोमनांनी ‘पिपेर’. जर्मनांचा ‘फेफर’, इटालियनांचा ‘पेपे’ आणि हंगेरीची ‘पाप्रिका’ ही सगळी त्याच घरची लेकरं. सुरुवातीला मान पिंपळीचाच मोठा होता. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने भाव लिहून ठेवले आहेत: पौंडभर पिंपळी 15 दिनार, काळी मिरी अवघी 4. पण मलबारहून जहाजं भरभरून जाऊ लागली ती मिरीची. स्वस्त आणि मुबलक मिरी घरोघरी पोचली आणि पिंपळीचं नाव तिला चिकटलं.

पुढे 1492मध्ये कोलंबस मसाल्यांचा देश शोधायला निघाला आणि कॅरिबियन बेटांवर पोचला. तिथे मिरी नव्हती, मिरची होती. स्पॅनिश लोकांनी मिरीच्या नावावरूनच तिचं नाव पाडलं. इंग्रजांनी तर सरळ ‘पेपर’च म्हटलं. यात त्यांची चूक झाली असं अनेकदा लिहिलं जातं. मला ते पटत नाही, कारण आपणही अगदी तेच केलं. पोर्तुगिजांबरोबर मिरची गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली, तेव्हा मिरीला आपल्याकडे ‘मरिच’ हे जुनं नाव होतंच. त्यावरून नव्या फळाला ‘मिरची’ म्हटलं गेलं. कोकणीत ती ‘मिरसांग’ झाली, म्हणजे मिरीसारखी तिखट शेंग.

वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने यांचं नातं काहीच नाही. मिरी आणि पिंपळी विड्याच्या पानाच्या गोतातल्या. मिरची वांगी, टोमॅटो, बटाट्याच्या. तिखटपणाची रसायनंही वेगळी. मिरीतलं पायपरिन 1819मध्ये ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने वेगळं काढलं. विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे पुढच्याच वर्षी जगाला दाखवणारा ओर्स्टेड तो हाच. मिरचीत असतं कॅप्सेसिन.

मग दोन दूरच्या भाषांना मिरचीसाठी मिरीचंच नाव का सुचलं? याचं उत्तर जिभेत आहे. 1997मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेतापेशींवरचं एक प्रथिन शोधून काढलं. साधारण 43 अंश सेल्सियसच्या वर तापमान गेलं, की ते उघडतं आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप जातो. कॅप्सेसिन थेट हेच दार उघडतं. पायपरिनही तेच उघडतं, फक्त जोर कमी. ‘तिखटाने तोंड भाजलं’ असं आपण म्हणतो ते चेतापेशीच्या लेखी शब्दशः खरं आहे. चेतापेशीला खरा चटका आणि मिरचीचा चटका यांत फरक कळत नाही. या शोधाबद्दल ज्युलियस यांना 2021मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. पक्ष्यांच्या शरीरातलं हे प्रथिन कॅप्सेसिनला दाद देत नाही. म्हणून पोपट मिरच्या खुशाल खातो. नाव देणाऱ्यांनी पानं-फुलं पाहिली नाहीत, जिभेचं ऐकलं, आणि जीभ बरोबर होती.

आता इंग्लंडातल्या पाककृतीत ‘दोन रेड पेपर’ असं आलं, तर लाल तिखटाच्या डब्याला हात लावू नका; दोन लाल ढोबळ्या मिरच्या चिरा. त्यांत कॅप्सेसिन जवळपास नसतंच. तिखटपणासाठी जन्मलेला शब्द तिखट नसलेल्या भाजीपर्यंत पोचला आहे. आणि जिने हे नाव दिलं, त्या पिंपळीला मात्र इंग्रजीत आज नुसतं ‘पेपर’ म्हणून चालत नाही. तिला ‘लाँग पेपर’ म्हणावं लागतं.