बास मासेमारी : साधने व नौका

उत्तर अमेरिकेतील नद्या, सरोवरे व जलाशय यांत आढळणाऱ्या बास माशांना गळाने पकडण्याचा छंद व क्रीडाप्रकार. त्यासाठी काठी, रीळ, दोर, गळ व कृत्रिम आमिषे ही साधने लागतात. विस्तीर्ण जलाशयांत नौकाही वापरतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा छंद फार लोकप्रिय असून त्याच्या साधनांचा मोठा उद्योग तेथे उभा राहिला आहे. कोकणात गळाने मासे धरण्याला ‘गरविणे’ म्हणतात. तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. मात्र गरवून आणलेला मासा घरी शिजतो, तर हौशी बासमार पकडलेले बहुतेक मासे पुन्हा पाण्यात जिवंत सोडतात. त्यामुळे साधन निवडताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात : मासा आमिषाकडे येईल काय, तो फारशी इजा न होता लवकर हाती येईल काय आणि मासेमारी करणारा सुखरूप काठाला परतेल काय. साधनाच्या किंमतीचा विचार यानंतर येतो.

मासा : बास मासे सेंट्रार्किडी कुलातील मायक्रॉप्टेरस वंशाचे आहेत. ‘लार्जमाउथ’ म्हणजे मोठ्या तोंडाचा व ‘स्मॉलमाउथ’ म्हणजे लहान तोंडाचा बास या त्यांतील प्रमुख जाती होत. पहिल्याचा वरचा जबडा डोळ्याच्या मागील कडेच्याही पलीकडे जातो, तर दुसऱ्याचा तितका पोहोचत नाही. मोठ्या तोंडाच्या बासला मा. सॅल्मॉयडीस हे शास्त्रीय नाव दीर्घकाळ होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानंतर ते नाव फ्लॉरिडा बासकडे गेले व उत्तरेकडील जातीला मा. निग्रिकन्स हे नाव देण्यात येऊ लागले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील जिताडा व्यापारात ‘सी बास’ म्हणून ओळखला जातो; पण तो वेगळ्या कुलातील असून त्याचा या माशांशी जवळचा संबंध नाही.

मोठ्या तोंडाचा बास पाठलाग करण्यापेक्षा दबा धरून भक्ष्य पकडतो. पाणवनस्पती, बुडालेली झाडे, धक्क्यांचे खांब यांच्या आडोशाला तो थांबतो आणि लहान मासे, झिंग्यासारखे गोड्या पाण्यातील कवचधारी प्राणी व बेडूक यांवर झडप घालतो. पाण्याचे तपमान १५° ते २०° से. च्या सुमारास पोहोचले म्हणजे तो उथळ पाण्यात घरटे करतो. अंडी व पिले यांची राखण नर करतो. हिवाळ्यात त्याची हालचाल मंदावते व तो बहुधा खोल पाण्यात जातो. हे वर्तन ज्याला माहीत आहे त्याला साध्या काठीनेही मासा मिळतो. ज्याला माहीत नाही त्याला भारी नौकाही फारशी उपयोगी पडत नाही.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी केंटकी राज्यातील घड्याळजींनी दंतचक्रे बसविलेली रिळे तयार केली, त्यांत जॉर्ज स्नायडर याचे नाव प्रथम घेतले जाते. जेम्स हेन्शल यांचा या माशावरील ग्रंथ १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि बासला क्रीडामत्स्य म्हणून प्रतिष्ठा मिळाली. जॉर्जिया राज्यात २ जून १९३२ रोजी जॉर्ज पेरी यांनी २२ पौंड ४ औंस (सु. १०.१ किग्रॅ.) वजनाचा बास पकडला. जपानमधील बीवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी २ जुलै २००९ रोजी पकडलेला मासा त्याहून किंचित जड होता. पण नियमानुसार विक्रम मोडण्यास लागणारा २ औंसांचा फरक नसल्याने दोघांचा विक्रम समान मानतात. १९३३ मध्ये टेनेसी खोरे प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या व इतर धरणांमुळे दक्षिणेकडील राज्यांत मोठे जलाशय निर्माण झाले आणि काठावरून होणारी मासेमारी नौकेवर गेली. केवळ बासच्या शिकारीसाठी आखलेली नौका होम्स थर्मंड यांनी लुइझिॲना राज्यात १९४८ मध्ये तयार केली. त्यानंतर प्लॅस्टिकचे मऊ गांडूळ (१९४९) व हौशी लोकांसाठीचे ध्वनितरंगांवर चालणारे खोलीदर्शक (१९५९) प्रचारात आले. रे स्कॉट (१९३३–२०२२) यांनी १९६८ मध्ये बासमारांची संघटना स्थापन केली आणि १९७२ पासून स्पर्धांत मासे जिवंत सोडण्याचा पायंडा पाडला.

काठी व रीळ : काठ्या बहुधा काचतंतू किंवा ग्रॅफाइट यांच्या असतात. ग्रॅफाइटची काठी हलकी व ताठ असून आमिषाला लागलेला बारीक धक्का ती हातापर्यंत पोहोचवते; मात्र ती ठिसूळ असते. काचतंतूची काठी जड पण लवचिक असल्याने मासा आमिष गिळेपर्यंत ती नमते. म्हणून वेगाने ओढावयाच्या आमिषांसाठी ती पसंत करतात. बासच्या काठीची लांबी सामान्यतः २ ते २.३ मी. असते. काठीवर तिची ताकद व ती कोठून वाकते हे छापलेले असते. केवळ टोकाशी वाकणारी काठी गळ झटकन रुतविते, तर मध्यापर्यंत वाकणारी माशाचे हिसके पचविते.

रिळाचे दोन प्रमुख प्रकार आहेत. स्थिर फिरकीच्या रिळात दोर फिरकीच्या तोंडावरून सुटतो. ते शिकण्यास सोपे असून सु. ७ ग्रॅ. पेक्षा हलक्या आमिषांना योग्य ठरते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे ‘बेटकास्टर’ रिळात, फिरकी स्वतःच फिरते. त्यामुळे जाड दोर व जड आमिष नेमके टाकता येते; पण आमिषापेक्षा फिरकी वेगाने फिरली, तर दोराचा गुंता होतो. हा गुंता टाळण्यासाठी चुंबकीय किंवा केंद्रोत्सारी रोधक बसविलेला असतो. तरीही आमिष पाण्यावर टेकताच अंगठ्याने फिरकी थांबविण्याची सवय करावी लागते. नवशिक्याने मध्यम ताकदीची एक काठी व स्थिर फिरकीचे रीळ घेऊन प्रारंभ करावा आणि दुसरा संच काही महिन्यांच्या अनुभवानंतर घ्यावा, हे सामान्यतः हितावह ठरते.

दोर व गळ : नायलॉनचा एकपदरी दोर स्वस्त असून ताणला जातो व सावकाश बुडतो, तो पाण्याच्या पृष्ठभागावरील आमिषांस योग्य आहे. फ्ल्युओरोकार्बनचा दोर जड असल्याने लवकर बुडतो. त्याचा प्रणमनांक पाण्याच्या प्रणमनांकाच्या अधिक जवळ असल्याने तो स्वच्छ पाण्यात कमी दिसतो. पॉलिएथिलीन तंतूंचा विणलेला दोर जवळजवळ ताणला जात नाही, तरंगतो व त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा कितीतरी बळकट असतो; म्हणून दाट पाणवनस्पतींत तो वापरतात. स्थिर फिरकीच्या रिळावर ३ ते ४.५ किग्रॅ. आणि बेटकास्टरवर ५.५ ते ९ किग्रॅ. भार सोसणारा दोर बहुतेक प्रसंगी पुरतो. विणलेला दोर याहून बळकट घेतात.

दोर अनेकदा गाठीशी तुटतो. दोर दुमडून गळाच्या नेढ्यातून ओवावयाची ‘पॅलोमार’ गाठ विणलेल्या दोरालाही चांगली धरते. ती आवळण्यापूर्वी ओली करावी, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने दोर कमकुवत होत नाही. प्रत्येक मासा सोडल्यावर दोराच्या शेवटच्या हातभर भागावरून बोट फिरवावे व तो खरखरीत लागल्यास कापून नवी गाठ मारावी. गळाचे टोक नखावरून ओढले असता घसरले, तर ते बोथट झाले असे समजावे.

आमिषे : दुकानांत आमिषांची गर्दी असली, तरी ती पाण्याच्या थरानुसार तीन गटांत मांडता येतात. पृष्ठभागावर खळबळ करणारी आमिषे पहाटे, सायंकाळी व ढगाळ हवेत उपयोगी पडतात. मधल्या थरात चकचकीत फिरती पाती असलेली आमिषे किंवा माशाच्या आकाराची, पुढे जीभ असलेली आमिषे ओढतात. सामान्यतः जीभ जितकी लांब व आडवी, तितके आमिष खोल जाते. तळाशी मऊ गांडूळ किंवा केसाळ झालर असलेला वजनी गळ सावकाश सरपटवितात. गळाचे टोक गांडुळाच्या अंगात लपवून पुढे गोळीच्या आकाराचे वजन घालण्याच्या पद्धतीस ‘टेक्सस’ पद्धत म्हणतात. तिच्यामुळे आमिष झाडोऱ्यात अडकत नाही. गढूळ पाण्यात गडद व कंप उत्पन्न करणारी आणि स्वच्छ पाण्यात फिक्या, नैसर्गिक रंगाची आमिषे निवडतात. पाणी थंड असेल, तर आमिष मंद गतीने ओढावे. शिशाची वजने गिळल्याने पाणपक्ष्यांना विषबाधा होते, म्हणून काही राज्यांत लहान शिसवजनांवर बंदी आहे. त्यांऐवजी टंगस्टनची वजने वापरतात.

नौकेची निवड : नौका घेण्यापूर्वी कोणत्या पाण्यात व कितीदा जावयाचे हे ठरविणे आवश्यक असते. तळी व संथ नद्या यांत वल्ह्यांची एकासनी होडी किंवा सपाट तळाची ॲल्युमिनियमची नौका पुरते. मध्यम जलाशयांत ५ ते ५.५ मी. लांबीची ॲल्युमिनियम नौका सोयीची असते; ती हलकी असून लहान मोटारगाडीनेही ओढता येते, पण लाटांत आदळते व वाऱ्याने भरकटते. काचतंतुप्रबलित प्लॅस्टिकची ५.५ ते ६.५ मी. लांबीची नौका लाटा कापीत जाते आणि १५० ते २५० अश्वशक्तीच्या एंजिनावर अतिशय वेगाने धावते. तिला मोठे एंजिन, अधिक इंधन व दमदार गाडी लागते. नौकेवरील फलकात दिलेल्या व्यक्ती, वजन व अश्वशक्ती यांच्या मर्यादा कधीही ओलांडू नयेत.

मासेमारीच्या जागी मुख्य एंजिन बंद करून पुढील टोकावरील विजेच्या मोटरीने नौका आवाज न करता हलवितात. नौकेच्या भरल्या वजनाच्या दर १०० पौंडांस किमान २ पौंड रेटा असा ढोबळ हिशेब आहे. सु. ५५ पौंड रेट्यापर्यंत १२ व्होल्टची एक घटमाला पुरते, सु. ८० पौंडांपर्यंत २४ व त्यापुढे ३६ व्होल्ट लागतात. घटमालांची संख्या वाढली की वजन व खर्च दोन्ही वाढतात.

जुनी नौका घेताना पिछाडीची एंजिन धरणारी फळी ठोकून पाहावी. बोदा आवाज आल्यास आतील लाकूड कुजल्याचा संभव असतो. तळफळी पायाखाली दबते काय, दंतपेटीतील वंगण दुधाळ झाले आहे काय (तसे असल्यास आत पाणी शिरलेले असते) आणि एंजिनाच्या सर्व सिलिंडरांतील दाब जवळजवळ सारखा आहे काय, हे तपासावे. नौकेवरील बारा अक्षरांकांचा ओळखक्रमांक कागदपत्रांशी जुळला पाहिजे. नौका पाण्यात चालवून पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

खर्च व निगा : खरेदी-किंमत हा खर्चाचा केवळ आरंभ असतो. नोंदणी, विमा, इंधन, ठेवण्याची जागा, घटमाला, ओढगाडी व दुरुस्ती हे खर्च नौका वर्षभर उभी असली, तरी बऱ्याच अंशी चालूच राहतात. वर्षातून चारदोन वेळाच पाण्यावर जाणाऱ्यास भाड्याची नौका परवडते. कर्ज काढून मोठी नौका घेतलेल्या माणसाला पुढे इंधनाच्या खर्चाने काठावरच राहावे लागले, तर तिचा उपयोग काय हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारलेला बरा.

एंजिन थंड ठेवणाऱ्या पंपातील रबरी पंखा व दंतपेटीतील वंगण ठराविक मुदतीने बदलावे. पेट्रोलमधील एथेनॉल पाणी शोषून घेते व पुढे वेगळे होते. म्हणून दीर्घकाळ नौका ठेवताना इंधनात स्थिरकारी द्रव्य मिसळतात. गोठविणाऱ्या थंडीच्या प्रदेशांत पंप व नळ्यांतील पाणी काढून टाकावे लागते, कारण गोठताना ते प्रसरण पावून भाग फोडते. ओढगाडीच्या चाकांच्या धारव्यांना वारंवार वंगण द्यावे. तापलेली चाके थंड पाण्यात बुडाली की आत पाणी शोषले जाते व धारवे गंजतात. नौका पाण्यात लोटण्यापूर्वी तळातील बूच बसविले आहे याची खात्री करणे ही साधी गोष्ट अनेकदा विसरली जाते.

सुरक्षितता : भरधाव नौकेतून चालक फेकला गेला, तर चालकाविना नौका वर्तुळात फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते व तिच्या पंख्याने प्राण जाऊ शकतो. यासाठी चालकाच्या अंगाशी जोडलेल्या दोरीने एंजिन बंद पाडणारी कळ असते. २६ फुटांपेक्षा (सु. ७.९ मी.) कमी लांबीच्या बहुतेक यांत्रिक नौकांवर ती वापरणे अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे. प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट नौकेत असणे कायद्याने आवश्यक आहे. पण ते पेटीत नव्हे, अंगावर असावे. नौकाअपघातांत बुडून मरणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोकांच्या अंगावर ते नसते. थंड पाण्यात पडताच श्वासावरील ताबा सुटतो व पट्टीचा पोहणाराही असहाय होतो. ग्रॅफाइट विद्युत् संवाहक असल्याने मेघगर्जना ऐकू येताच काठी खाली ठेवून किनारा गाठावा.

मासा सोडणे व परिसर : फार बारीक दोराने मासा बराच वेळ झुंजवीत ठेवल्यास तो थकून नंतर मरू शकतो, योग्य ताकदीचे साधन त्याचेही रक्षण करते. हात ओले करून त्यास धरावे, खालच्या ओठाला धरून उभा उचलावा आणि मोठ्या माशाच्या पोटाखाली दुसरा हात द्यावा. नौकेतील टाकीचे पाणी उन्हाळ्यात खेळते व थंड ठेवावे.

नौकेबरोबर परके जीवही प्रवास करतात. १९८८ मध्ये सेंट क्लेअर सरोवरात आढळलेले झेब्रा शिंपले अशा रीतीने अनेक जलाशयांत पसरले. म्हणून पाण्याबाहेर काढलेली नौका धुऊन, निथळून व वाळवून मगच दुसरीकडे नेतात. बासच्या बाबतीतही हाच धोका संभवतो. १९२५ मध्ये जपानमधील आशी सरोवरात सोडलेला हा मासा पुढे देशभर पसरला व स्थानिक माशांना मारक ठरला. जगातील अत्यंत उपद्रवी अशा शंभर आक्रमक जातींच्या यादीत त्याचा समावेश आहे. आपल्या मूळ पाण्यात जो खेळाचा उत्तम सोबती, तोच परक्या पाण्यात अरिष्ट ठरतो. म्हणून हा छंद अन्य देशांत नेताना साधने न्यावीत, मासा मात्र नेऊ नये.