एटी, आणि पलीकडून ओके

भाईंदर स्टेशनहून मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी, उत्तन अशी गावं मागे टाकत बस पालीकडे येते, तेव्हा सगळ्यात आधी वास येतो तो बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांचा. त्या वासाच्या ऐन मध्यात, एका घराच्या माळ्यावरून एक काळा डबा खाली आलाय. बाहेरून जोडायचा ५६ केचा मोडेम. घराचे मालक संगणक दुरुस्त करून पोट भरतात. भाच्याने सहज विचारलं, ‘मामा, इंटरनेटच्या आधी लोक दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून कसा चालवायचे?’ उत्तर तोंडी देता आलं असतं, पण हौसेला मोल नसतं.

घरी आता फायबरची जोडणी आहे. त्यातल्या फोनवर आवाज डेटाच्या पाकिटांतून जातो. बोलताना एखादं पाकीट उशिरा आलं तरी माणसाला कळत नाही, मोडेम मात्र तेवढ्यावरून संपर्क तोडतो. म्हणून मामांनी एका बंद पडलेल्या लॉजमधून आणलेलं छोटं ईपीएबीएक्स, म्हणजे आतल्या आत फोन जोडणारं एक्स्चेंज, काढलं. बाहेरच्या खोलीत २१ नंबर, आतल्या खोलीत २२. दोन्हीकडे विंडोज ९८ची एकेक मशीन आणि एकेक मोडेम.

पहिली लढाई खाऱ्या हवेशी. फोनच्या वायरीच्या टोकाला हिरवा थर चढला होता. मामांनी टोकं कापून नवी लावली आणि केबलच्या नऊ पिनांच्या जोडाची पुसपास केली. मग मोडेमशी थेट बोलायचा हायपरटर्मिनल हा प्रोग्राम उघडला, ‘एटी’ टाइप केलं, एंटर दाबलं. खालच्या ओळीत उमटलं: ‘ओके’.

हे ‘एटी’ म्हणजे ‘अटेन्शन’, इकडे लक्ष दे. अमेरिकेतल्या हेज कंपनीने १९८१ मध्ये स्मार्टमोडेम काढला, त्यातली ही बोली. पुढे इतर कंपन्यांनीही ती उचलली. गोव्यात वेर्ण्याला कारखाना असलेल्या डी-लिंकचे मोडेम आपल्याकडे घरोघरी होते, तेही हीच बोली बोलत. आतल्या खोलीतल्या मोडेमला मामांनी सांगितलं, ‘एटी एस शून्य बरोबर दोन’, म्हणजे दोन रिंग झाल्या की फोन उचल. त्यावर ‘एए’ हा दिवा लागला. शून्य ठेवलं की मोडेम आपणहून फोन उचलत नाही, घंटा कितीही वाजो.

आता २२ फिरवा. उत्तर आलं, ‘नो डायलटोन’.

भाच्याने रिसीव्हर कानाला लावला. ‘येतोय की आवाज!’ येत होताच. पण मोडेमला अमेरिकी कान आहेत. तिकडचा डायलटोन ३५० आणि ४४० हर्ट्झच्या दोन सुरांचा, आपल्याकडचा ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने थरथरणारा. लहान ईपीएबीएक्सचा सूर आणखी तिसराच. ओळखीचा सूर ऐकू आला नाही की मोडेम नंबर फिरवतच नाही. त्यावर उतारा ‘एक्स ३’: सुराची वाट पाहू नकोस, फिरव. मामांनी तो दिला, ‘अँड डब्ल्यू’ने मोडेमच्या स्मृतीत जपून ठेवला, आणि हायपरटर्मिनलमधून दोन्ही मशीन बोलू लागल्या.

खरा घोळ इथून पुढे सुरू झाला. पीसी एनीव्हेअर या दूरस्थ चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आतली मशीन ‘होस्ट’ करून ठेवली, बाहेरून फोन लावला, आणि पुन्हा तेच. नो डायलटोन. नुकतं तर जपून ठेवलं होतं! मामा चहा संपेपर्यंत गप्प बसले. मग आठवलं. विंडोज मोडेम हातात घेताना आधी स्वतःची आज्ञांची ओळ पाठवतं, आणि त्या ओळीची सुरुवात बहुधा ‘अँड एफ’ने होते, म्हणजे कारखान्यातून निघालास तसा हो. जपलेलं स्मृतीत तसंच राहतं, पण लागू होत नाही. उपाय मोडेममध्ये नव्हता, कंट्रोल पॅनलमध्ये होता. मोडेमच्या गुणधर्मांत ‘डायलटोनची वाट पाहा’ या चौकटीतली खूण काढायची. एवढंच. अशा एका खुणेपायी त्या काळी अख्खी दुपार जायची, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, याने केलं काय?

या वेळी दोन रिंगनंतर पलीकडून शिट्टी आली. २१०० हर्ट्झचा हा सूर एक्स्चेंजसाठी असतो, तुमची प्रतिध्वनी मारणारी यंत्रं बंद करा म्हणून. मग ती प्रसिद्ध खरखर, दोन मोडेम एकमेकांची वाट आजमावतायत. पडद्यावर ‘कनेक्ट ११५२००’. भाचा खूश. मामांनी मान हलवली. तो वेग कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधल्या केबलचा. दोन साध्या मोडेमांमध्ये फोनवरून सेकंदाला ३३,६०० बिटांच्या वर जाताच येत नाही. डब्यावर लिहिलेले ५६ के मिळायला एक टोक थेट डिजिटल एक्स्चेंजला जोडलेलं लागतं, जसं इंटरनेट कंपनीकडे असायचं.

पडदा वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी उमटू लागला. हिशेब सरळ आहे. ६४० बाय ४८० ठिपके, २५६ रंग, म्हणजे तीन लाखांहून जास्त बाइट. या वाटेने सेकंदाला जातात जेमतेम ४,२०० बाइट. दाबून न पाठवता पडदा यायला मिनिटाहून जास्त. म्हणून सॉफ्टवेअर रंग कमी करतं आणि बदललेला तुकडाच पाठवतं. डॉसच्या पडद्यावर मात्र दोन हजार अक्षरं, त्यांच्या रंगांसकट चार हजार बाइट. एका सेकंदाचं काम! १९८०च्या दशकात, डॉसच्या जमान्यात, असली सॉफ्टवेअर निघाली, ती उगाच नाही.

पालीहून फोर्टातल्या ऑफिसात हिशेबाची एक फाइल दुरुस्त करायची तर बस, मग लोकल, मग पायपीट. त्यापुढे मिनिटभराचा पडदा म्हणजे चैनच. धोकाही होता. फोन उचलणारी मशीन कोणाचाही फोन उचलते. म्हणून ‘कॉलबॅक’ असे: होस्ट फोन ठेवून ठरलेल्या नंबरावर स्वतः उलटा फोन करी. पुढे २०१२ मध्ये पीसी एनीव्हेअर विकणाऱ्या सिमँटेक कंपनीने मान्य केलं की त्याचा मूळ कोड २००६ मध्येच चोरीला गेला होता, आणि काही काळ ते बंद ठेवा असं ग्राहकांना सांगितलं.

भाच्याने माउस हलवला. आतल्या खोलीतला बाण थोड्या वेळाने, अडखळत हलला. तो धावत आत जाऊन बघून आला, पुन्हा हलवला, पुन्हा धावला.

‘मामा, यावर यूट्यूब लागेल?’

‘हा पलीकडच्या खोलीपर्यंतच जातो रे,’ मामा म्हणाले, आणि आतल्या मशीनवरचा पत्त्यांचा डाव बाहेरून उघडला. पत्ते एकेक करून येऊ लागले.