एका तट्टाच्या गाडीचा साज : प्रथम प्रदर्शनाची सिद्धता व जुन्या चामड्याची परीक्षा

जुन्या वाड्यांतून कागदपत्रांबरोबर ज्या इतर वस्तु संग्राहकांच्या हातीं येतात, त्यांत घोडागाडीचा साज हा विशेष आदरास पात्र ठरलेला नाहीं. पोथीचें एक पान गहाळ झालें तर आपण हळहळतों. साजांतील एक पट्टा गहाळ झाला तर तो कधीं होता हेंहि कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पट्टा कोणत्या कामाचा, बकल कोणत्या जागचें, हें ठाऊक नसल्यामुळें साज म्हणजे चामड्याचा एक गुंता, एवढीच त्याची ओळख उरते. इंग्लंडांत मात्र ही विद्या अद्याप जिवंत आहे. तेथें गाडी हांकण्याचीं प्रदर्शनें भरतात, व त्यांत परीक्षक गाडीभोंवतीं फिरून प्रत्येक पट्टा, बकल व शिवण न्याहाळतो. प्रथमच अशा प्रदर्शनास उतरणाऱ्यानें एका तट्टाच्या गाडीचें सामान कसें सिद्ध करावें, याविषयीं तेथें जे संकेत रूढ आहेत ते सकारण सांगावे, हा या लेखाचा हेतु आहे. ते सांगतांना एक प्रश्न ओघानेंच पुढें येतो : संग्रहांतील जुना साज जिवंत जनावराच्या अंगावर चढवावा कीं नाहीं? आमच्या मतें चढवूं नये. कां, तें पुढें येईल.

प्रदर्शनांतील ही तपासणी केवळ डौलासाठीं आहे असा समज सहज होतो, पण तो बरोबर नाहीं. लंडन शहरांत इ. स. १८८५ सालीं ओझ्याच्या घोड्यांची मिरवणूक सुरू झाली, ती शहरांत राबणाऱ्या जनावरांची निगा सुधारावी व हांकणाऱ्यांस त्यांच्याविषयीं दयाबुद्धि वाटावी याच उद्देशानें. लहान मालगाड्यांच्या घोड्यांची तशीच दुसरी मिरवणूक १९०४ पासून भरूं लागली, व १९६६ सालीं दोहोंचें एकीकरण झालें. हौशी हांकणाऱ्यांची ब्रिटिश ड्रायव्हिंग सोसायटी ही संस्था १९५७ सालची. म्हणजे मोटारींनीं घोड्यास रस्त्यावरून हुसकून लावल्यानंतरची. अर्थात् आजचा परीक्षक जें पाहतो त्याच्या मुळाशीं, हें सामान जनावरास बोचतें काय, आणि वाटेंत तुटून माणसाचा जीव धोक्यांत घालील काय, हे दोनच प्रश्न आहेत. झिलई नंतरची.

प्रथम गाडीची निवड. घोड्याची उंची मोजण्याचें इंग्रजी माप 'हँड' हें ४ इंचांचें असतें. १४ हँड २ इंच, म्हणजे ५८ इंच, येथपर्यंतच्या जनावरास साधारणपणें तट्टू गणतात. अशा तट्टास दुचाकी हलकी गाडी पुरते. रॅली कार ही त्यांपैकीं एक चांगली जात. तिच्या नांवाचा संबंध रॅली या ग्रीक व्यापारी घराण्याशीं जोडतात. याच घराण्याच्या पेढीनें मुंबईच्या कापसाच्या व्यापारांत पुष्कळ काळ ठाण मांडलें होतें. दुसरी 'गव्हर्नेस कार्ट'. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुलांना फिरवून आणण्यासाठीं ती फार लोकप्रिय झाली. ती बुटकी, टोपलीसारखी, मागून दाराची. दिसण्यांत अगदीं निर्धोक. पण तींत बैठकी बाजूंस असल्यामुळें हांकणाऱ्यास अंग पिळून बसावें लागतें, व प्रसंग पडल्यास त्या चिंचोळ्या दारांतून उतरून जनावराच्या तोंडाशीं पोहोंचण्यास वेळ लागतो. नवशिक्यानें तिच्या मोहांत पडूं नये. गाडी कोणतीहि असो, माणसें बसल्यावर तिचा तोल साधला पाहिजे. दांडे ज्या फांसांत अडकवितात त्यांत ते तरंगल्यासारखे राहावे. खालीं दाबले गेले तर सगळा भार तट्टाच्या पाठीवर येतो, व वर उचलले गेले तर पोटपट्टा वर ओढला जातो. कित्येक गाड्यांची बैठक मागेंपुढें सरकविण्याची सोय असते ती याचसाठीं. संग्रहांतील गाडीची बैठक हलते असें दिसल्यास ती मोडकी समजून खिळे ठोकण्याची घाई करूं नये!

आतां साज. आपल्याकडे टांगा हांकणाऱ्यांच्या तोंडीं असलेले तंग, दुमची, ढापणें, लगाम हे शब्द येथेंहि चालतात. बाकीच्यांस इंग्रजी नांवें किंवा साधें वर्णन पुरें. ओढीचें काम दोन प्रकारांनीं होतें : छातीवरून आडव्या जाणाऱ्या पट्ट्यानें, किंवा गळ्यांत घालावयाच्या भरींव कॉलरनें. छातीपट्टा हलक्या गाडीस योग्य व कमीजास्त करतां येणारा. म्हणून नवशिक्यास तोच सोयीचा. मात्र गाडीस मध्यावर डोलणारी आडवी दांडी पाहिजे. तट्टू चालतांना त्याचे खांदे आळीपाळीनें पुढें येतात. ओढीचे पट्टे न हलणाऱ्या आंकड्यांत अडकविले तर छातीपट्टा त्यांबरोबर सरकूं शकत नाहीं, आणि कातडी सोलते.

कॉलरची गोष्ट निराळी. आंत गवत भरलेली, वरून चामड्यानें मढविलेली ही वस्तु ज्या मानेसाठीं केली त्या मानेचाच आकार घेते. ती उलटी धरून डोक्यावरून चढवितात, कारण डोक्याचा रुंद भाग तिच्या रुंद भागांतूनच जातो. मग मानेच्या बारीक जागीं ती फिरवून सुलटी करतात. बसल्यावर खालीं, नरड्यापाशीं, हाताचा पंजा आडवा जाईल एवढी जागा राहिली पाहिजे. बाजूंस बोटें शिरावीं, पण ती डुलूं नये. लहान झाली तर श्वास कोंडतो, मोठी झाली तर खांद्यावर घांसून जखम करते. जुनी कॉलर दुसऱ्या जनावरास नेमकी बसणें हा केवळ योगायोग होय. संशोधकाच्या दृष्टीनें हाच तिचा गुण आहे. गाडी कोणाची होती हें कागदांतून कळेल, पण तिला जुंपलेल्या जनावराची मान केवढी होती याची साक्ष ती कॉलरच देते. म्हणून जुन्या कॉलरची आंतली उंची व रुंदी मोजून टिपून ठेवावी, आणि तींत नवें गवत भरण्याचा उत्साह आवरावा.

दुचाकी गाडीस बहुधा रोध नसतो. उतारावर ती जनावराच्या अंगावर येऊं नये म्हणून मांड्यांच्या मागून जाणारा रुंद पट्टा, 'ब्रीचिंग', लावतात; तट्टू त्यावर मागें रेलून गाडी थोपवितें. नवशिक्यानें तो गाळूं नये. ढापणें डोळ्यांच्या मध्यावर यावींत; त्यांच्या आंतील लोखंडी पत्रा वांकला असेल तर कड डोळ्यास लागते. तोंडांतील लोखंड बहुधा 'लिव्हरपूल' पद्धतीचें असतें. त्याच्या बाजूच्या दांड्यांस खालींखालीं खांचा असतात. लगाम जितक्या खालच्या खांचेंत, तितका तरफेमुळें जबड्यावर जोर अधिक. ज्याचा हात अद्याप बसलेला नाहीं त्यानें लगाम सर्वांत वरच्या कडीस लावावा.

यापुढील संकेत पोथ्यांच्या संग्राहकांस परिचित वाटेल. सबंध साज एका हातचा असावा असा परीक्षकाचा आग्रह असतो. सर्व बकलें एकाच आकाराचीं, एकाच धातूचीं, व तो धातु गाडीवरील धातुकामाशीं जुळणारा. गाडी रंगविलेली असेल तर साज काळा, व नुसतें रोगण दिलेल्या लांकडाची असेल तर तपकिरी. लगाम मात्र काळ्या साजांतहि तपकिरी राहतो, कारण काळा रंग पावसांत हातमोज्यांस व कपड्यांस लागतो. आतां हीच कसोटी उलट दिशेनें लावून पाहावी. एखाद्या पोथींत मधल्या पानांचा कागद व हस्ताक्षर बदललें कीं तीं पानें मागाहून घातलेलीं हें आपण ओळखतों. तसेंच साजांत एका इंचांतील टांक्यांची संख्या बदलली, बकलाचा कोन बदलला, किंवा ढापणांवरचें कुलचिन्ह व पाठीवरच्या गादीवरचें चिन्ह जुळलें नाहीं, तर तो साज दोनतीन साजांचे अवशेष एकत्र करून बनविलेला आहे असें समजावें. विक्रीस येणारे पुष्कळ 'संपूर्ण' साज या कसोटीस उतरणार नाहींत. प्रदर्शनास जाणारा विजोड बकल काढून जुळणारें बसवितो. संग्राहकानें तसें करूं नये, विजोडपणा टिपून ठेवावा. दोघांचे मार्ग येथून फुटतात.

चामड्याच्या परीक्षेंत तर ते पूर्णपणें विरुद्ध जातात. हांकणारा पट्टा बकलाच्या वळणाशीं दुमडून पाहतो : वरच्या थरास भेगा पडतात काय, भोकें लांबट झालीं आहेत काय, बकलाच्या जिभेखालीं गंज आहे काय, मेणवलेल्या तागाच्या दोऱ्याची शिवण नखानें उचलली असतां सुटते काय. पट्टा तुटतो तो बहुधा मध्येंच नव्हे, तर धातूभोंवतीं वळून शिवलेला असतो तेथें. कारण घाम व पाणी तेथें सांचतें. पितळेपाशीं हिरवा, मेणचट थर दिसल्यास चामड्यांतील चरबी व तांब्याचा अंश यांचा संयोग होत आहे असें जाणावें. जुन्या बांधणीच्या पुस्तकांवरील पितळी कड्यांपाशींहि तो आढळतो. जुन्या चामड्यास अशा रीतीनें दुमडणें म्हणजे परीक्षेच्या नांवाखालीं त्याचा नाश करणें होय, आणि न दुमडतां तें तट्टावर घालणें म्हणजे डोळे मिटून रस्त्यावर जाणें होय. मधला मार्ग नाहीं.

चामडें वरून तुकतुकीत दिसत असतांहि आंतून संपलेलें असूं शकतें, हें पुस्तकें बाळगणाऱ्यांस नव्यानें सांगावयास नको. एकोणिसाव्या शतकांतील बांधणीचीं पुस्तकें हातांत घेतलीं कीं बोटांस तांबूस भुकटी लागते. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनें नेमलेल्या समितीनें १९०१ सालीं या दोषाविषयीं अहवाल दिला. साधारण १८३० नंतरच्या चामड्यांत ऱ्हास स्पष्ट दिसतो, गॅसच्या दिव्यांचा धूर व रंगविण्यांत वापरलेलें गंधकाम्ल हीं त्याचीं मोठीं कारणें, आणि हिंदुस्थानांतून कमावून गेलेलीं मेंढ्याबकऱ्यांचीं कातडीं टिकण्यास विशेष हलकीं, असें त्या समितीस आढळलें. हीं कातडीं ज्या सालीनें कमावलेलीं असत ती आपल्या माळरानावरच्या तरवडाची. साजाचें इंग्रजी चामडें ओकच्या सालीनें कमावून चरबी व तेल मुरविलेलें असल्यानें त्यास अधिक आयुष्य असतें. पण तबेल्यांतील दमट हवेंत, किंवा पन्नास वर्षें खुंटीवर कोरडें पडून, तेंहि निःसत्त्व होतें. अशा चामड्यांतील तंतूच तुटलेले असतात. तेल चोळल्यानें तें मऊ व काळें दिसूं लागतें, बळकट होत नाहीं. विकणाऱ्यानें तेलानें न्हाऊं घातलेला जुना साज हा त्यामुळेंच सर्वांत घातक. दोषी लगाम घरीं तुटला तर हंसूं होतें. उतारावर, लोकांच्या गर्दींत, बुजलेल्या तट्टाच्या तोंडचा तुटला तर काय होईल हें सांगणें नलगे.

गाडीच्या लांकडाविषयीं थोडक्यांत. चाकाची नाभि एल्मची, आरे ओकचे, पुठ्ठे ॲशचे, अशी जुनी रीत. रंगाचा नवा हात दिलेला असेल तर सांध्यांपाशीं बारीक भेग शोधावी. चाक हलवितांना आरा टकटक वाजला तर तो सैल आहे. दांड्यांस कीड लागली असल्यास वरचें चामड्याचें वेष्टन ती झांकून टाकतें.

प्रदर्शनांत बैठकीखालची पेटीहि उघडून दाखवावी लागते. नवख्यास ही चाल विचित्र वाटते, पण तिच्यांतच सर्वांत अधिक इतिहास आहे. १७८४ सालीं ब्रिस्टल व लंडन यांमध्यें टपालाच्या घोडागाड्या सुरू झाल्या. पुढें या गाड्यांवरील रक्षकाजवळ हत्यारांची पेटी असे, कारण वाटेंत कांहीं मोडलें तर दुरुस्ती तेथेंच करून टपाल पुढें न्यावें लागे. आजची पेटी तिचीच वंशज. तींत ओढीचा एक जादा पट्टा, दोन्ही टोकांस बकल असलेला व तुटलेला लगाम जोडण्यास उपयोगी असा आंखूड पट्टा, चामड्यास भोकें पाडण्याचा चिमटा, चाकू, हातोडी, बळकट दोरी, खुरांतील खडा काढण्याचा आंकडा, मोरकी व तिची दोरी, तट्टावर घालण्यास झूल, आणि मलमपट्टीचें सामान असावें. जादा पट्टा घरींच एकदां लावून पाहावा. अंगच्या साजास न बसणारा पट्टा पेटींत बाळगून उपयोग काय? दिव्यांतील मेणबत्त्या आधीं एकदां पेटवून विझविलेल्या असाव्यात. काळी झालेली वात चटकन् धरते, कोरी वात धरीत नाहीं. पावसानें भिजलेला लगाम चामड्याच्या मोज्यांतून निसटतो, म्हणून लोंकरी किंवा सुताचे विणलेले जादा मोजे जवळ ठेवतात. चाबूक खोबणींत न ठेवतां सतत हातांत असावा, व त्याची दोरी तट्टाच्या खांद्यापर्यंत पोहोंचावी. स्वाराचे पाय जें सांगतात तें हांकणाऱ्यास चाबकाच्या हलक्या स्पर्शानें सांगावें लागतें.

हा सर्व साज प्रदर्शनाच्या दिवशीं प्रथमच चढवूं नये. तत्पूर्वीं कांहीं आठवडे घरच्या रस्त्यावर तो वापरून, जेथें केस मोडलेले किंवा घाम विषम दिसेल तेथें पट्टा सरकवावा. जुंपण्याचा क्रम ठरलेला असतो : गाडी तट्टामागें आणून दांडे फांसांत घालावे, मग ओढीचे पट्टे, मग ब्रीचिंग, शेवटीं दांड्यांखालचा पोटपट्टा, सोडतांना बरोबर उलट. तट्टू गाडीस जुंपलेलें असतांना तोंडचा लगाम व ढापणें क्षणभरहि काढूं नयेत, व लगामानें तें कोठें बांधूं नये. मागें चाकें पाहून तें उधळलें तर धरावयास कांहीं उरत नाहीं.

जुन्या साजाचें काय करावें, तें आतां सांगतां येईल. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांचा व्यवसाय एका वर्षांत बंद करावा असा आदेश उच्च न्यायालयानें २०१५ सालीं दिला. तेव्हांपासून तिकडील सामानहि वापरांतून निघून संग्रहाच्या वाटेस लागलें आहे. असा साज हातीं आल्यास, तो अंगावर असतांना ज्या क्रमानें होता त्या क्रमानें जमिनीवर मांडून प्रथम छायाचित्र घ्यावें. प्रत्येक पट्ट्याची लांबी, रुंदी, जाडी, भोकांचीं अंतरें, बकलाचा आकार व इंचांतील टांके लिहावे. वापरानें कोणतें भोंक लांबलें आहे हेंहि लिहावें, कारण साज कोणत्या मापावर चढत असे तें त्यावरून कळतें. कारागिराचा ठसा बहुधा गादीच्या खालीं किंवा पट्ट्याच्या आंतल्या अंगास सांपडतो. या टिपणावरून चांगला चर्मकार नव्या चामड्याचा, त्याच घडणीचा साज करूं शकेल, आणि गाडी हांकावयाची हौस असेल त्यानें तोच तट्टावर घालावा. मूळ साज धूळ झटकून, तेल न लावतां, खिळ्याऐवजीं रुंद गोल लांकडावर टांगावा, आणि त्याच्या चिठ्ठीवर टिपणाचा क्रमांक घालावा.